झाकलेला घट आणि हरवलेली गोष्ट

निर्गमाच्या पुस्तकातील त्या शेवटच्या रात्रीची गोष्ट मुलांना सांगताना आमच्या उमापुरात दरवेळी एकाच ठिकाणी अडखळायला होते. मिसर देशातून निघण्याची घाई, कंबरा कसलेल्या, पायांत जोडे, हातांत काठ्या, इथवर मुले कान टवकारून ऐकतात. मग आम्ही सांगतो की, पीठ फुगायलाही वेळ नव्हता, म्हणून त्या लोकांनी बेखमीर भाकर खाल्ली. मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. एका मुलीने एकदा सरळ विचारलेच, "मग त्यात काय विशेष? आपली भाकरी रोज बेखमीरच असते की." खरेच आहे. गेवराई तालुक्यातल्या ज्वारीच्या भाकरीला खमीर कधी लागले? युरोपातल्या पावाच्या संस्कृतीत ज्या शब्दाने मुलाच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभे राहते, तो शब्द गोदावरीच्या काठी येऊन पोकळ होतो. त्याच मुलीचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. "ते लोक आता कुठे असतात?"

हा प्रश्न लहानपणी आम्हांला कधी सुचला नव्हता, याची त्या वेळी लाज वाटली. आमच्या बालपणी 'यहुदी' हा शब्द वर्षातून एकदाच, उत्तम शुक्रवारी, मोठ्याने कानी पडे, आणि तोही दुःखसहनाच्या कथेतील आरोपी म्हणून. प्रभू येशू स्वतः यहुदी होता, पवित्र मरिया यहुदी घरातली लेक होती, बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवला तो पास्खा सणाच्या यात्रेत, हे सारे वाचूनही डोक्यात मात्र दोन वेगळे कप्पे होते. एका कप्प्यात आपले बायबल, दुसऱ्यात ते परके, कठोर लोक. संत पापा तेविसावे योहान यांनी १९५९ मध्ये उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचा अवमानकारक शब्द काढून टाकला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे स्पष्ट केले. खेड्यापाड्यांतील ओसरीपर्यंत हे पोहोचायला मात्र पुष्कळ वर्षे गेली.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दूर पॅलेस्टाइनमध्ये शोधण्याचे कारणच नव्हते. ते कोकणात होते, आणि मराठीत होते.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती तेथेच पुरली. वाचलेल्या सात जोडप्यांचा वंश कुलाब्याच्या गावोगावी पसरला. ही बेने इस्राएल, म्हणजे 'इस्राएलची लेकरे', या समाजाची मूळकथा. इतिहास म्हणून तिचा काळ ठरवणे कठीण. पण प्रत्येक बेने इस्राएल मुलाने ती आजीच्या मांडीवर ऐकली आहे. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. गावांवरून आडनावे पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. बोली मराठी, पोशाख मराठी. ग्रंथ मात्र जवळ एकही उरला नव्हता, आणि हिब्रू भाषाही विसरली होती. मुखी राहिले ते एकच वाक्य, 'शमा इस्राएल', परमेश्वर एकच आहे हे सांगणारे. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, तेच म्हणायचे.

त्यांच्या जुन्या सणांची नावे वाचताना आम्हांला मोठा आनंद होतो, कारण ती सगळी स्वयंपाकघरातून आणि उंबरठ्यावरून आलेली आहेत. नव्या वर्षाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा महादिवस, ज्या दिवशी दारे लावून उपास करायचा, तो 'दारफळणीचा सण', आणि त्याचा दुसरा दिवस 'शिळा सण'. कधी 'खिरीचा सण'. एस्तेर राणीची आठवण करायचा पुरीम हा फाल्गुनातल्या शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. यरुशलेमेच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो 'बिरड्याचा सण', कारण उपास सोडताना वालाचे बिरडे खायचे. आणि वल्हांडण, आपण ज्याला पास्खा म्हणतो, तो 'अनशी ढाकाचा सण'.

या शेवटच्या नावापाशी थोडे थांबू. 'अनस' म्हणजे तोंडी लावण्यासाठी मातीच्या घटात साठवलेले आंबट पाणी. सणाच्या दिवसांत तो घट झाकून ठेवायचा, त्यातले काही खायचे नाही. एवढेच. फारो नाही, तांबडा समुद्र नाही, दाराच्या चौकटीवर कोकराचे रक्त लावण्याची आठवण नाही. कथा पार हरवलेली, कृती मात्र शाबूत. असे का झाले असावे, याचा उलगडा आम्हांला त्या उमापूरच्या मुलीच्या प्रश्नातच झाला असे वाटते. तोरा सांगते की, त्या सात दिवसांत घरात खमीर दिसता कामा नये. कोकणातली तांदळाची भाकरी तर आमच्या ज्वारीच्या भाकरीसारखीच, मुळातच बेखमीर. घरातून काढून टाकायला पाव नव्हताच. मग त्या घरात आंबलेले असे काय होते? कोपऱ्यातला तो घट. कोण्या पुरातन आजीने तो झाकला, तिच्या सुनेने झाकला, नातसुनेने झाकला, आणि शंभर पिढ्या नाही म्हटले तरी कित्येक पिढ्या तो झाकलाच जात राहिला. कशासाठी, हे विचारणाऱ्या मुलाला सांगायला मात्र कोणाजवळ काही उरले नव्हते.

कोणी तरी बाहेरून येऊन हे लोक ओळखायला हवे होते. त्याचीही एक गोष्ट आहे, आणि मुलांना ती फार आवडते. दाविद राहाबी नावाचा एक यहुदी कोकणात आला. हे शनवार तेली आपलेच बांधव असावेत असा त्याला संशय आला. त्याने बायकांना निरनिराळे मासे दिले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे एकीकडे काढले, बाकीचे बाजूला सारले. "हे आम्ही खात नाही," एवढेच त्या म्हणाल्या. लेवीयाच्या पुस्तकातील नियम त्यांना ठाऊक नव्हता, हातांना ठाऊक होता. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील माणसांना शिकवून तयार केले आणि तेच पुढे समाजाचे काजी झाले. हा राहाबी कोणी हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या प्रसिद्ध राहाबी घराण्यातला. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण मासे निवडणाऱ्या त्या बायका दोन्ही मतांत तशाच उभ्या आहेत.

मग मुंबई आली, कंपनी सरकारची पलटण आली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, हा पलटणीतला अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. सुलतानाच्या आईने, आपल्या धर्मग्रंथात ज्यांचा उल्लेख आहे ते बेने इस्राएल हेच, म्हणून त्याला वाचवले, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला 'मशीद' म्हणत. बेने इस्राएल स्वतःही म्हणत. मुंबईचे मशीद बंदर स्टेशन त्यावरूनच ओळखले जाऊ लागले, असे सांगतात. पुण्याच्या सिनेगॉगला, तो १८६७ चा, पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. एकाच धर्माच्या प्रार्थनास्थळाला एका शहरात मशीद आणि दुसऱ्यात देऊळ म्हणणारी भाषा जगात दुसरी क्वचितच असेल.

हरवलेल्या गोष्टी परत आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, आणि काही अंशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातून. अमेरिकन मराठी मिशनने कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुले आली आणि मास्तरही त्याच समाजातले लाभले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनरी प्रॉटेस्टंट होते आणि त्यांचा हेतू लपलेला नव्हता. मुले मात्र जुना करार वाचून आपल्याच घरी परतली. अब्राहाम, योसेफ, मोशे ही आपलीच माणसे आहेत हे त्यांना मराठी अक्षरांतून कळले. कोणाच्या हाती कोणते बी पडेल आणि ते कोठे रुजेल हे पेरणाऱ्याच्या हाती नसते, असे येथे आम्हांला प्रांजळपणे म्हणावेसे वाटते.

मग त्या समाजाने स्वतःची मराठी पुस्तके केली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या डेव्हिड सॅसून संस्थेच्या शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. त्यांनी वीसाहून अधिक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, आणि १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर. सणांची वर सांगितलेली जुनी नावे आज आपल्याला माहीत आहेत ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

आणि 'हग्गादा'. वल्हांडणाच्या रात्री घरातील जेवणाच्या वेळी वाचायचे हे पुस्तक म्हणजे, आमच्या मते, जगातील सर्वांत जुन्या बालकथांपैकी एक आहे. मोठ्यांसाठी ते लिहिलेलेच नाही. सुरुवात करतो तो घरातील सर्वांत लहान मूल. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे ते विचारते. बेखमीर भाकर का, कडू भाजी का, असे विचारत जाते, आणि मग बाप सबंध गोष्ट सांगतो. पुढे चार मुलगे येतात: शहाणा, दुष्ट, भोळा, आणि चौथा तो, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. त्या चौथ्यासाठी तू स्वतः होऊन सांगायला सुरुवात कर, असे बापाला बजावलेले असते. झाकलेल्या घटाजवळ बसून शतकानुशतके काहीही न विचारलेला कोकणातला तो मुलगा आम्हांला या चौथ्या मुलात दिसतो. हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये निघाली, आणि पुण्यात १८७४ मध्ये. पुण्याची आवृत्ती मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर यांनी विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापून घेतली. नावे एकदा पुन्हा वाचावीत: तळकर, विठ्ठल, अग्निहोत्री, आणि पुस्तक मोशेच्या सुटकेचे.

छापील पुस्तक एका घरात राहते. कीर्तन सगळ्या आळीत ऐकू जाते. आमच्या भागात हरिनाम सप्ताह नाही असे गाव नाही. पैठण तर हाकेवर. पूर्वरंगाचे निरूपण कळले नाही तरी उत्तररंगातील आख्यान सुरू झाले की शेंबडी पोरेही पुढे सरकून बसतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. त्यांत आम्हीही होतो. मुंबईत १८८० मध्ये बेने इस्राएल तरुणांनी हेच हेरले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तनमंडळी स्थापली आणि ओवी, साकी, दिंडी, आर्या, पद या सगळ्या मराठी सामग्रीनिशी अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे आख्यान उभे केले. विहिरीत टाकलेला योसेफ आणि त्याचा रंगीत अंगरखा, हे कीर्तनकाराच्या तोंडून ऐकताना मुलांचे डोळे कसे झाले असतील ते सांगायला नको. कित्येक कीर्तने पुस्तकरूपाने छापलीही गेली.

यात आम्हां कॅथलिकांना आपलीच ओळख पटावी असे काही आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, आणि त्याचा पहिला भाग सारा जुन्या करारावर आहे. उत्पत्ती, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद हे मराठी ओवीत प्रथम चालले ते तेथे. एकाने पुराण घेतले, दुसऱ्यांनी कीर्तन घेतले. गोष्टी त्याच, किनाराही तोच. हे सांगताना एवढ्यावरच थांबणे सोयीचे झाले असते. पण ज्या गोव्यात स्टीफन्स मोशेच्या ओव्या रचत होते, त्याच गोव्यात ते आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १५८० मध्ये, गार्सिया द ओर्ता या थोर वैद्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला होता. त्याचा अपराध, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा. तो १५६८ मध्येच वारला होता. त्याची बहीण कातारीना हिला तर १५६९ मध्ये जिवंत जाळले. ज्या लोकांची गोष्ट आपण भक्तिभावाने गात होतो, त्यांच्याच रक्ताची माणसे शेजारच्या चौकात उभी होती, आणि आपल्याच धर्मपीठाने त्यांना शिक्षा केली. मोठ्या मुलांना आम्ही हेही सांगतो. लहानांना नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे की, ती आपल्याकडे राहिली आणि त्यांच्याकडून निसटली. हनुक्का या दिव्यांच्या सणाची माहिती जुन्या बेने इस्राएलांना नव्हती; कोचीन व बगदादच्या यहुद्यांशी संबंध आल्यावर ती झाली. या सणाची कथा मक्काबींच्या ग्रंथांत आहे. ते ग्रंथ हिब्रू बायबलात नाहीत आणि प्रॉटेस्टंट बायबलातही नाहीत, म्हणून मिशनऱ्यांच्या मराठी बायबलातून ते त्यांच्या हाती पडणे शक्य नव्हते. आपल्या कॅथलिक बायबलात ते आहेत. अंतियोख राजाने शब्बाथ पाळण्यास बंदी केली, नियमशास्त्राचे ग्रंथ जाळले, सुंता केलेल्या बाळांना आयांसकट मारले. काही लोक रानात पळाले, आणि शनिवारी हल्ला झाला तेव्हा शब्बाथ मोडण्यापेक्षा त्यांनी मरण पत्करले. किहीमकरांच्या मते नवगावच्या सात जोडप्यांचे पूर्वज याच अंतियोखाच्या छळाच्या काळी, ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, देश सोडून निघाले. ते अनुमानच आहे. पण ते मान्य केले तर असे दिसते की, शनिवारसाठी मेलेल्यांची कथा आपल्या देवघरात होती आणि शनिवारी घाणा न चालवणारे त्यांचे वंशज कोकणात तिच्यावाचून होते. सात भाऊ आणि त्यांची आई यांची कथा मुलांना सांगतो तेव्हा आम्ही आता हे जोडूनच सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात हिवाळ्यात मंदिराच्या देवडीत फिरणारा येशू याच सणाला तेथे गेला होता, हेही.

आणखी एक स्थळ मुलांच्या फार आवडीचे. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर काही खुणा आहेत. एलिया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गी गेला तो येथूनच, आणि या त्याच्या घोड्यांच्या टापा व रथाच्या चाकांच्या खुणा, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. नवस फेडायचा, बरे वाटले, लग्न ठरले की 'एलियाहू हन्नाबी'च्या नावाने मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, खवलेले खोबरे, साखर, वर फळे, आणि भोवती बसून प्रार्थना. कार्मेलाइट संघाचे धर्मबंधू एलियाला आपला मूळपुरुष मानतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. यार्देनेपलीकडून वर गेलेला संदेष्टा रायगड जिल्ह्यातून कसा जाईल, असे एका चौकस मुलाने विचारले तेव्हा आम्ही त्याला उलट विचारले की, बेथलेहेमचा गोठा दरवर्षी उमापुरात ज्वारीच्या कडब्याचा कसा होतो? तो हसला.

१९४८ नंतर हे लोक जाऊ लागले. तोवर समाज वीस हजारांच्या घरात होता. छळ नव्हता, दोन हजार वर्षांत या भूमीवर शेजाऱ्याने त्यांना यहुदी म्हणून मारल्याची कथाच त्यांच्यापाशी नाही. तरीही ओढ होती, आणि नोकऱ्या, सोयरिकी, सगळेच तिकडे सरकले. तिकडे गेल्यावर, ज्यांनी घट झाकून आणि मासे निवडून आपले यहुदीपण जपले, त्यांनाच १९६० नंतरच्या काळात धर्ममंडळाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाविषयी प्रश्न विचारले. निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे मान्य केले. त्यांच्या तिसऱ्या पिढीची भाषा आता हिब्रू आहे. तरी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक नोहा मस्सिल यांच्या संपादनाखाली निघत राहिले. भारतात आज सारे यहुदी मिळून चार-पाच हजार असतील, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पूर्वी गोष्टी हरवल्या होत्या आणि ऐकणारी मुले होती. आता हग्गादा मराठीत आहे, कीर्तने मराठीत छापलेली आहेत, आणि ती ऐकणारी मुले बीरशेबा आणि अश्दोदला आहेत.

पुण्याच्या १८७४ च्या हग्गादेतील एका चित्राची प्रत आम्ही उमापूरच्या मुलांना दाखवली. लुगडी नेसलेल्या बाया जमिनीवर बसून वल्हांडणाची बेखमीर भाकर करीत आहेत. भाकरीबद्दल पूर्वी प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "यांना थापायला येतं." आणि पान उलटून पुढे काय आहे ते पाहू लागली.